लोखंडाला भिणारी पेटी

१

बुधवारी सकाळी अजितसरांनी माझ्या बायकोच्या, शहनाजच्या हातची घावनं न खाता परत पाठवली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय. हा माणूस मासे खात नाही, तिखट खात नाही, पंखा कुरकुरतो म्हणून मला झोपेतून उठवतो. पण घावनं दिली की बशी पुसून ठेवतो.

"घात झालाय सिराजभाई," ते म्हणाले. "परत. कालचं अख्खं उड्डाण फुकट गेलं."

मी सिराजुद्दीन. उमेदीची वर्षं कुवेतला हॉटेलात राबण्यात गेली, आणि आता हरिहरेश्वरच्या अलीकडे, उन्हवाडीत, समुद्राला तोंड करून माझं लॉज आहे. खोल्या थोड्या, गिऱ्हाइकांच्या तक्रारी भरपूर. या हिवाळ्यात सगळ्या खोल्या एका कंपनीनं घेतल्या होत्या, अजितसर त्यांचे प्रमुख. आमच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे, बापजाद्यांपासूनचं. त्याच्या खाली उष्णता किती आणि किती खोल आहे ते बघायचं, आणि जमलं तर तिच्यावर वीज काढायची, असं वर कुणाच्या तरी मनात आलं. त्यासाठी खणायचं सोडून हे लोक हेलिकॉप्टर घेऊन आले. मी म्हटलं, सर, जमिनीखालचं बघायला आभाळात कशाला जाता? ते नुसती मान हलवून चहा पीत राहिले.

त्यांच्यात मानसी म्हणून पुण्याची मुलगी आहे, यंत्रं तीच बघते. तिनं मला नीट समजावलं. खडकात थोडी चुंबकशक्ती असते आणि खडक फार तापला की ती जाते. वरून उडत मोजत गेलं की किती खोलीपर्यंत खडकात चुंबकशक्ती आहे याचा अंदाज येतो. ही हद्द जिथे वर आलेली असेल, तिथे खालची आग जवळ असण्याची शक्यता.

"पण चाचा, एक भानगड असते," ती म्हणाली. "सूर्यामुळे पृथ्वीची चुंबकशक्ती दिवसभर थोडीथोडी हलते. म्हणून एक यंत्र जमिनीवर एकाच जागी ठेवायचं. ते फक्त हे हलणं मोजतं. मग वरच्या आकड्यांतून ते वजा करायचं. तुम्ही मासळी टोपलीसकट तोलता आणि टोपलीचं वजन वजा करता ना, तसं."

"आणि टोपलीत कुणी धोंडा टाकला तर?"

"तर सगळं वजन खोटं."

आणि तोच धोंडा कुणीतरी टाकत होतं. जमिनीवरचं यंत्र म्हणजे सुरूच्या बनात लाकडी खांबावर बसवलेली एक पांढरी पेटी. तिच्याजवळ लोखंड आलं की मानसीच्या स्क्रीनवरची रेघ उडी मारते. हेलिकॉप्टर जमिनीवर असलं की रेघ शहाण्यासारखी सरळ, आणि ते वर गेलं रे गेलं की हिच्या उड्या सुरू.

"हे बाहेरच्याचं काम नाही," अजितसर म्हणाले. "उड्डाणाच्या वेळेवर ज्याची नजर आहे, तोच हा. कुंपणानंच शेत खाल्लंय सिराजभाई."

कुंपण म्हणजे सदा, पेटीचा राखणदार.

"उद्या दुपारी अलिबागहून कंपनीचे वकील येतायत. सदाला पोलिसांच्या ताब्यात देणार आणि आम्ही सामान बांधणार," असं म्हणून सर खोलीत गेले. मी घावनांची बशी हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

२

सदाला तुम्ही ओळखत नाही म्हणून सांगतो. ट्रॉलरवर खलाशी होता. दोराच्या वेढ्यात पाय सापडला, तेव्हापासून लंगडतो. मग कुठल्या बोटीवर कुणी घेईना. दोन पावसाळे त्याच्या बायकोनं, ठमीनं, वाळवलेली मासळी विकून घर चालवलं. त्यात ही राखणदारी मिळाली. महिन्याच्या महिन्याला पगार, आणि वर जाड अस्तराचं निळं जाकीट, छातीवर कंपनीचं नाव विणलेलं. काम नीट झालं तर पुढच्या गावीही तुलाच नेऊ, कायम करू, असा मानसीनं शब्द दिला होता. त्या दिवसापासून जाकीट अंगावरून उतरलं असेल तर फक्त धुण्यापुरतं. भर उन्हात घामाघूम होईल पण प्लास्टिकची चेन उघडण्यापलीकडे जाणार नाही. ठमी म्हणायची, "लग्नातल्या कापडाला बी एवढं जपलं न्हाय ह्यांनी."

तो माझ्या ओट्यावर येऊन बसला, मान खाली घालून. खाऱ्या वाऱ्यानं जाकिटाची डावी बाजू फडफडत होती. उजवी मात्र मुकाट मांडीवर पडून होती, तिलाही सदासारखंच काही सुचत नसावं.

"सिराजभाय, मी न्हाय केलं," तो म्हणाला. "पोलिसात नाव गेलं का संपलं. मग मला हमालीला बी कोन उभा करनार न्हाय. ठमीनं आनखी किती ओढायचं?"

मला राग आला. सदा बावळट असेल, पण लबाड नाही. मी तडक नीराबाईंकडे गेलो. नीराबाई म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेल्या हवालदार. माझ्या लॉजच्या मागे राहतात आणि माझ्या खानावळीत जेवतात. नोकरी संपल्यापासून गावात गुन्हा मिळेना, म्हणून माझ्या कालवणातल्या चुका शोधत असतात.

सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुमचं म्हणणं. पण हा संन्यासी आहे हे कशावरून?"

"मी सांगतो म्हणून."

"तुम्ही तर हलवा मासा ताजा आहे असंही सांगता."

पण आल्या. ओट्यावर सदासमोर पाट घेऊन बसल्या आणि विचारलं, "सकाळपासून काय काय करतोस ते सांग. काही गाळू नको."

"सकाळी म्याडमकडं समदं लोखंड देतो. कोयता, चावी, पट्टा, मोबाईल. खिसे उलटे करून दावतो. मग बनात जाऊन लांब बांधावर बसतो."

"लांब का?"

"सावली थितं हाय. मग हेलिकापटर उडालं का पेटीपाशी जातो, आनि ते उतरंस्तवर पेटीभवती फिरत ऱ्हातो."

"हे कुणी सांगितलं?"

"सायबांनी. आधी मी एकादा फेरा मारून परत बांधावर येत व्हतो. मंग रेघ हालली तवा सायेब बोलले, हेलिकापटर वर असंल तवर पेटीला चिकटून ऱ्हा. आनि मी कसा चिकटतोय, इचारा कुनाला बी."

नीराबाईंनी मानसीला बोलावलं. "पोरी, हेलिकॉप्टर वर असून रेघ सरळ राहिली, असा एक तरी दिवस आहे का?"

मानसीनं आधी सदाकडे बघितलं, मग जमिनीकडे. तिला बोलायचं नव्हतं, हे दिसत होतं.

"एकच दिवस," ती म्हणाली. "सदादादाला ताप होता आणि पेटीपाशी मी स्वतः बसले होते, तो."

३

एवढं ऐकल्यावर कुणीही सदाला बेड्या घातल्या असत्या. मी नीराबाईंच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पहिली उडी कधी आली?"

"एका गुराख्याच्या कोयत्याची सोडली तर, बोर्ड लावला त्यानंतर," मानसी म्हणाली.

बोर्डाची गोष्ट अशी. सुरुवातीला एका गुराख्यानं पेटीच्या खांबाला आपला कोयता टांगला आणि झाडाखाली झोपला. अजितसर संतापले. त्यांनी श्रीवर्धनहून फ्लेक्स छापून आणला आणि बनाच्या तोंडाशी लावला. लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'सावधान. या पेटीजवळ लोखंड आणण्यास सक्त मनाई आहे.' बाकी काही नाही. त्या दिवसापासून बायका बनातली वाट सोडून लांबच्या बांधावरून जायला लागल्या. मला वाटलं, साहेबाला वचकल्या.

"बोर्ड वाचूनच त्याला कळलं की यंत्र कशानं बिघडतं," अजितसर दारातून म्हणाले. "म्हणजे मीच त्याला हत्यार दिलं."

"कुणाला तरी दिलंत खरं," नीराबाई म्हणाल्या. "चला सिराजभाई, रितेशकडे."

रितेशचं बनापलीकडे रिसॉर्ट आहे. दारावरच पाटी, 'नैसर्गिक गरम पाण्याचे कुंड'. गावच्या जुन्या कुंडाला टाळून मुंबईची माणसं तिथे डुंबायला येतात. कंपनीला त्याचा पहिल्यापासून विरोध, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही गेलो तेव्हा तो पांढऱ्या कपड्यांत पाहुण्यांना धरणीमातेच्या उबेबद्दल काहीतरी सांगत होता.

नीराबाईंनी कुंडात हात घातला. "दुपार झाली की गार पडतं वाटतं?"

"निसर्ग आहे बाई."

"निसर्गाचा पाइप कुठे जातो?" असं म्हणून त्या पाइपाच्या मागे चालायला लागल्या. रितेश त्यांच्या मागे, मी रितेशच्या मागे. पाइप न्हाणीघरामागे वळला आणि एका भल्या मोठ्या बॉयलरला जाऊन भिडला. बाजूला लाकडांचा ढीग होता.

"बाई, आवाज हळू," रितेश काकुळतीला आला. "त्यांनी मोजलं आणि माझ्या जागेखाली काहीच नाही असं निघालं तर मी काय करू? कर्ज काढून बांधलंय हे."

"म्हणून पेटीपाशी लोखंड नेलंस?"

"कधी नेऊ? सकाळी पाहुणे पाण्यात असतात. तोवर मी इथे लाकडं घालत असतो. नोकराला घालायला सांगितलं तर गावभर होईल ना."

मला हसू आवरेना. कारण खरं होतं. रोज सकाळी हेलिकॉप्टर उडायचं तेव्हा रितेशच्या मागच्या अंगणातून धूर निघताना मी माझ्या ओट्यावरून बघत होतो. मी समजत होतो पोरगा टापटिपीचा आहे, पालापाचोळा जाळतो. नोकराला कळू द्यायचं नव्हतं, म्हणजे तो धूर त्याच्याच हातचा होता.

"हा सुटला," बाहेर आल्यावर नीराबाई म्हणाल्या. "भूक लागली."

४

स्वयंपाकघरात ठमी शहनाजपाशी बसली होती. रडून रडून डोळे सुजलेले. हाताला चाळा म्हणून आमच्या अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

शहनाज म्हणाली, "ठेव गं ती सुपारी. रोज येतेस ती फक्त सुपारी कातरायला, आज दोन घास जेव तरी."

"रोज?" नीराबाईंनी ताटावरून मान वर केली. "तुझा अडकित्ता कुठे गेला?"

"मोडला," ठमी म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं. "बाई, त्यांना सोडवा. ते तसले न्हायत. त्यांना साधी बोंबलाची चोरी जमायची न्हाय."

नीराबाईंनी माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. कालवणाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. असं कधी होत नाही, म्हणून मी लक्षात ठेवलं.

राहिले धर्माजी गुरुजी. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. कंपनीच्या विरोधात त्यांनी इतके अर्ज केले की तहसील कचेरीतला कारकून त्यांना लांबून बघूनच जेवायला जातो. वीज निघाली तर आधी गावाला की मुंबईला, हा त्यांचा प्रश्न. आणि रोज सकाळी ते बनातूनच फिरायला जातात, हातात लोखंडी टोकाची काठी घेऊन. मला वाटलं, सापडला.

"काठी बघू गुरुजी," नीराबाई म्हणाल्या.

गुरुजींनी काठी पुढे केली. लोखंडी टोक काढून टाकलेलं, तिथे सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळून घट्ट बांधलेला.

"बोर्ड लागला त्याच दिवशी काढलं," गुरुजी म्हणाले. "मला वाचता येतं."

"पण तुमचा तर विरोध."

"विरोध आहे म्हणूनच मोजणी बरोबर हवी. आकडे खरे असले तर भांडायला जोर येतो. खोट्या आकड्यांशी भांडण्यात आयुष्य घालवायला मला वेळ नाही." मग ते वैतागून म्हणाले, "कंपनीपेक्षा आपल्या लोकांनीच मला जास्त दमवलंय. घरोघरी जाऊन सांगतोय, बाबांनो, त्या पेटीत काही नाही. ऐकतो कोण?"

नीराबाई जायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"पेटीत काही नाही, असं सांगावं का लागतं गुरुजी? लोकांना त्यात काय आहे असं वाटतं?"

"ते त्यांनाच विचारा. माझ्या तोंडून तो शब्द निघायचा नाही," गुरुजी म्हणाले आणि काठी घेऊन आत गेले.

नीराबाई रस्त्यात उभ्या राहून हसल्या. नोकरीतून सुटल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"सिराजभाई, वकील यायच्या आधी, उद्या सकाळी मला ती पेटी पाहिजे. आणि सगळी माणसं. अजितसरसुद्धा."

"चोर कळला?"

"चोर नाहीच आहे. पण लोखंड आहे. ते पेटीलाच शोधायला लावू."

५

ओळखपरेड मी ऐकून होतो, पण पेटीनं माणसं ओळखायची हे पहिल्यांदाच बघितलं. सुरूच्या बनात सगळे उभे. मानसी लांब गवतावर लॅपटॉप घेऊन बसलेली. एकेकानं खिशातलं सगळं लांब ठेवलेल्या माझ्या बिस्किटाच्या डब्यात टाकायचं आणि पेटीजवळून चालत जायचं. हेलिकॉप्टर उतरलेलं, म्हणजे रेघ सरळ असायला हवी.

"हवालदारांनी आता आम्हाला भूभौतिकी शिकवायची?" अजितसर पुटपुटले.

"शिकवत नाही साहेब, शिकतेय," नीराबाई म्हणाल्या.

आधी मी गेलो. रेघ सरळ. मग रितेश, मग गुरुजी काठीसकट. रेघ सरळ. ठमी बनात पाऊल टाकायलाच तयार नव्हती, लांब बोर्डापाशी उभी राहिली.

"आता सर, तुम्ही," नीराबाई म्हणाल्या.

"माझा काय संबंध? मी तर पेटीजवळ कधी जातच नाही."

"मग एकदा जा."

सर ताठ मानेनं चालत गेले. मानसीच्या हातून लॅपटॉप पडता पडता राहिला. रेघ थेट स्क्रीनच्या बाहेर गेली होती.

सर घामेजले. मग हळूच शर्ट वर करून म्हणाले, "कंबरेचा पट्टा आहे. दुखते म्हणून. त्याला थोडी चुंबकं असतात."

"सर, तुम्हीच आम्हाला म्हणालेलात की असल्या पट्ट्यांना शास्त्रात काही आधार नाही," मानसी म्हणाली.

"नाहीच आहे. पण बरं वाटतं."

आम्ही सगळे सुरूच्या शेंड्यांकडे बघायला लागलो. पट्टा डब्यात गेला. सर दिवसभर लॉजवर किंवा हेलिकॉप्टरपाशी असतात हे मीच सांगितलं, तेव्हा तेही सुटले.

"राहिला कोण?" नीराबाईंनी विचारलं.

सदा पुढे झाला. कोयता, चावी, पट्टा, मोबाईल सगळं डब्यात. खिसे उलटे करून सगळ्यांना दाखवले. जाकीट नीट केलं आणि लंगडत पेटीकडे निघाला. जसजसा जवळ गेला तशी मानसी पांढरी पडत गेली.

"उडी," ती म्हणाली. "तीच. रोजचीच."

लांब बोर्डापाशी ठमी मटकन खाली बसली.

६

"झालं समाधान?" अजितसर म्हणाले. त्यांना पट्ट्यानंतर एवढा आधार हवाच होता.

"सदा, जाकीट काढ," नीराबाई म्हणाल्या.

सदानं जाकीट काढून बांधावर ठेवलं. नुसत्या बनियनवर तो पेटीपाशी जाऊन आला. रेघ सरळ. मग मानसीनं जाकीट एका फांदीला अडकवून पेटीजवळ नेलं, आणि रेघ उडाली.

"साहेब, आता ऐका," नीराबाई म्हणाल्या. "सदा नसला की उडी नाही, म्हणजे लोखंड सदाबरोबर येतं, यात तुमचं चुकलं नाही. हेलिकॉप्टर वर गेल्यावरच उडी येते, कारण तेव्हाच तो पेटीपाशी जातो. तसं तुम्हीच त्याला सांगितलंत. पण ज्याला घात करायचाय तो एकदा येऊन पळून जाईल. हा उतरेपर्यंत गोल गोल फिरतो. तुम्ही जेवढी राखण कडक केलीत, तेवढी रेघ जास्त बिघडली. चोर असा कधी असतो का? पाळत वाढली की चोरी कमी होते, वाढत नाही. म्हणजे याच्या अंगावर लोखंड आहे आणि यालाच ते ठाऊक नाही."

"पण खिसे तर मी रोज बघते," मानसी म्हणाली.

"खिसे बघतेस. परक्या पुरुषाचं अस्तर तू कशाला चाचपशील? काल ओट्यावर वारा होता. जाकिटाची एक बाजू उडत होती, एक नाही. आता सांगा, माणसाला न कळता त्याच्या कपड्यात लोखंड कोण घालू शकतं? जो तो कपडा धुतो तो. आणि गावात हल्ली कुणाची लोखंडाची वस्तू मोडलीय?"

त्यांनी जाकिटाची उजवी कड उसवली. आतून अडकित्त्याचं एक पातं निघालं, फडक्यात गुंडाळून, चारी बाजूंनी टाके घालून बसवलेलं.

सदा त्या पात्याकडे बघत राहिला. मग लांब बसलेल्या ठमीकडे.

"ठमे?"

"मीच शिवलं," ठमी तिथूनच म्हणाली. "मला काय ठाव यंतर बिघडंल. बोर्डावर लिवलंय, पेटीपाशी लोखंड आनायचं न्हाय. लोखंडाला कोन भितं? आनि हे तिच्यापाशी दिसभर बसनार. एकले. मी काय बघत बसू?"

अजितसरांना काही उमजेना. "कोण भितं लोखंडाला?"

"भूत, साहेब," नीराबाई म्हणाल्या. "या गावात शेंबडं पोर पण सांगेल. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, हळद लागलेल्या नवऱ्याच्या हातात अडकित्ता देतात, ते कशासाठी? लोखंड असलं की वाईट काही जवळ येत नाही. आणि तुम्ही लाल अक्षरांत लिहिलंत की या पेटीला लोखंड चालत नाही. कारण लिहिलं नाहीत. मग पेटीत काय असणार, हे गावानं आपापलं ठरवलं."

आमच्यातही बाळंतिणीच्या उशाखाली चाकू ठेवतात, आणि बोर्ड लागल्यापासून शहनाज मला बनाच्या वाटेनं जाऊ देत नव्हती. मी तिला हसलो होतो, पण गेलोही नव्हतो.

अजितसरांनी तो बोर्ड पुन्हा एकदा वाचला. मग वकिलांना फोन लावून येऊ नका म्हणाले. माणूस वाईट नाही. सदाजवळ जाऊन त्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि माफी मागितली, सगळ्यांसमोर. उद्या पुन्हा उडायचं, सगळ्या रेघा पहिल्यापासून, आणि राखणदार तोच, असं ठरलं.

७

मला वाटलं, मिटलं. पण दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला, मानसी स्क्रीन उघडून बसली, आणि सदा माझ्या ओट्यावरून हलेना. मांडीवर जाकीट होतं, शहनाजनं पुन्हा शिवून दिलेलं.

"मी न्हाय जात," तो म्हणाला.

"अरे, काल सुटलास ना?"

"काल ठाव नव्हतं सिराजभाय. इतके दिस बसलो, काय वाटलं न्हाय. रातीला झोप बी लागायची. आता ठाव झालंय का अंगावर लोखंड व्हतं म्हनून बसलो. आता अंगावर काय बी न्हाय."

मानसीनं त्याला सगळं समजावलं, खडक, सूर्य, टोपलीचं वजन. तो मान हलवत होता. "म्याडम, तुमचं समदं पटतंय," तो म्हणाला. "पाय न्हाय उचलत." धर्माजी गुरुजीही येऊन ओरडून गेले. तिकडे अजितसर हातवारे करून विचारत होते की राखणदार कुठाय. पेटी राखणीशिवाय ठेवून उडता येत नव्हतं, दुसरा माणूस आणला तर सदाचं कायमचं काम गेलं, आणि गावात बनात बसायला दुसरा कुणी तयारही नव्हता. माझा जीव वरखाली व्हायला लागला. एवढं सगळं करून हा गडी स्वतःच्या हातानं पगार घालवणार होता.

एवढ्यात ठमी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता नवऱ्याची खरडपट्टी काढणार. पण नाही. शहनाजसमोर उभी राहून तिनं केसांतले आकडे एकेक करून काढले आणि शहनाजच्या हातावर ठेवले. मग पदराची पिन, मग कमरेची चावी. केस मोकळे होऊन पाठीवर पडले. त्या वयात, चारचौघांत, मोकळ्या केसांनी ती तशी उभी राहिली.

"चला," ती सदाला म्हणाली.

"तू कुठं?"

"थितं. लोखंड चालत न्हाय ना? मग मी बसते."

"तुला भ्या न्हाय वाटत?"

"लई वाटतंय," ठमी म्हणाली. "पर तुमी एकले थितं बसलात का घरात बसून मला ह्याच्याहून जास्त वाटतं."

सदा उठला. जाकीट अंगात घातलं, चेन लावली. दोघं बनाच्या वाटेला लागली, तो लंगडत पुढे आणि ती त्याच्या जाकिटाची कड मुठीत घट्ट धरून मागे. बोर्डापाशी ती थोडी अडखळली, मग आत गेली.

हेलिकॉप्टर उडालं. मी मानसीच्या मागे जाऊन उभा राहिलो. ते उतरेपर्यंत ती दोघं पेटीशेजारी बसून होती, आणि रेघ सरळ होती.